ओंडका, पाचर आणि पंप

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरील गोराई, मनोरी आणि उत्तनच्या गावठाणांत आगोटीची लगबग असते. पावसाचे चार महिने पुरेल इतकी सुकी मासळी भरायची, मिरच्या-हळद कडक उन्हात वाळवायची. इथल्या ईस्ट इंडियन समाजाच्या घरांत बॉटल मसाल्याचे जिन्नस मातीच्या भांड्यात, लाकडाच्या आचेवर, एकेक करून भाजले जातात आणि कुटून बाटल्यांत दाबून भरले जातात. याच यादीत सरपणही असते. घरात गॅस आला तरी मसाल्याची भाजणी, लग्नाचे मोठे जेवण आणि कुठे परसातला बंब यांना लाकूड लागतेच. ते आणणे एक काम, फोडणे दुसरे, आणि दुसरे काम पहिल्यापेक्षा जड. कुऱ्हाड चालवणारे हात कमी झाले आहेत. जे उरले त्यांचे खांदे आणि कंबर दुखू लागली आहे. त्यामुळे लाकूड फोडायचे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न वखारवाल्यापासून जेवणाची कंत्राटे घेणाऱ्यांपर्यंत अनेकांना पडू लागला आहे.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक फिरत्या जड चाकाच्या जोरावर चालणारी, म्हणजे यांत्रिक. दुसरी तेलाच्या दाबावर चालणारी, म्हणजे हायड्रॉलिक. विकणारे दोन्हींचे वर्णन टनांत करतात आणि घेणारे त्या आकड्यावर भाळतात. खरे तर टनांचा आकडा ही शेवटी विचारायची गोष्ट आहे. आधी पाहायचे ते लाकूड.

लाकडाचा स्वभाव सरळ आहे. रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने ओढले तर ते दाद देत नाही. रेषेला आडवे ताणले तर त्याची ताकद साधारण विसाव्या-तिसाव्या हिश्श्यावर येते. पाचर नेमके हेच साधते. तिची धार आत शिरते, पण लाकूड फुटते ते धारेने कापून नव्हे, तर पाचरेच्या दोन बाजू तंतूंना दूर लोटतात म्हणून. चीर एकदा सुरू झाली की ती धारेच्या पुढे पळते. म्हणूनच सरळ रेषेचा ओंडका एका घावात दुभंगतो. गाठ मात्र सगळा हिशेब बिघडवते. तिथे फांदीचे तंतू खोडाच्या तंतूंना आडवे गेलेले असतात, आणि पाचरेला फोडण्याऐवजी कापावे लागते.

गोराईच्या पट्ट्यात लाकूड कोणते मिळते? किनाऱ्यालगत सुरूची झाडे. वाड्यांत नारळ, ताड, आंबा, चिंच. रस्त्याकडेला गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष. सुरू हे जगातल्या उत्तम सरपणांत गणले जाते. वाळल्यावर त्याचे वजन घनमीटरला ९०० किलोच्या आसपास भरते आणि किलोमागे सुमारे ५,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. पण तेच लाकूड पूर्ण वाळले की कुऱ्हाड उलटी फिरवते, म्हणून ते ओले असतानाच फोडून घ्यावे. पर्जन्यवृक्षाची रेषा पिळलेली असते. त्याचे फाटे सरळ निघत नाहीत, तंतू एकमेकांना धरून राहतात. आंबा त्या मानाने मऊ.

नारळ आणि ताड यांची गोष्टच वेगळी. ही झाडे गवताच्या कुळाला जवळची. त्यांच्या खोडात वार्षिक वलये नसतात, मधोमधून सालीकडे जाणारे किरणही नसतात. असतात ते मऊ गरात विखुरलेले चिवट धागे, बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ. यंत्राची पाचर त्यात रुतते, खोड चेचते आणि दोन तुकडे धाग्यांनी एकमेकांना लटकत राहतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा किनारपट्टीवर अशी बरीच खोडे आडवी झाली होती. असे खोड सरपणासाठी फोडण्यात अर्थ नाही. माडाचे खरे जळण म्हणजे त्याच्या झावळ्या, पोयी, सोडणे आणि करवंट्या. त्यांना यंत्र लागत नाही, कोयता पुरतो.

तिवराचेही नाव इथेच घ्यायला हवे. खाडीकाठच्या वस्त्यांनी पूर्वी तिवर जाळले आहे. त्याची आच चांगली. पण १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड राज्यभर बंद केली. गोराईच्या खाडीने आणि किनाऱ्याने हे जंगल राखले म्हणूनच इथली गावठाणे अजून तग धरून आहेत. यंत्र कितीही चांगले असो, त्याच्यासमोर तिवर येता कामा नये. शहरातले इतर कोणतेही झाड तोडायचे तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष जतन कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, मग ते स्वतःच्या वाडीतले का असेना.

यंत्रांकडे वळण्याआधी हातातल्या हत्यारांना न्याय द्यायला हवा, कारण घरगुती गरजेपुरते उत्तर बहुतेकदा तिथेच आहे. झाड तोडायची कुऱ्हाड आणि लाकूड फोडायची कुऱ्हाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे पाते पातळ, खोल शिरणारे. दुसरीचे जाड, पाचरेसारखे, वजनाने भारी. पातळ पात्याने फोडायला गेले की ते ओंडक्यात अडकते आणि निम्मा वेळ ते उपसण्यात जातो. मोठ्या ओंडक्याला पोलादी पाचर आणि घण. एक पाचर अडकली तर तिच्या चिरेत दुसरी मारायची. फिनलंडच्या हेइक्की कार्ना यांनी अशी कुऱ्हाड तयार केली की तिचा जडपणा एका बाजूला कललेला असतो. पाते लाकडात शिरताच डोके फिरते आणि तरफेसारखे काम करत तुकडा बाजूला उडवते. सरळ रेषेच्या लाकडावर ती कमालीची चालते, गाठीच्या लाकडावर तिचा फारसा उपयोग नाही.

बंबफोडीसाठी, म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या ढलप्यांसाठी, एक साधन आपल्याकडे यायलाच हवे. न्यूझीलंडमधल्या एला हचिन्सन या शाळकरी मुलीने २०१३ च्या सुमाराला विज्ञान प्रदर्शनासाठी ते बनवले. पाते स्वयंपाकघरातल्या विळीसारखे धार वर करून पक्के बसवलेले, भोवती लोखंडी कडे. लाकडाचा तुकडा कड्यात उभा ठेवायचा आणि वरून हातोडी मारायची. धार कुठेही हलत नाही, बोटे तिच्या वाटेत येत नाहीत. यात मोटर नाही, तेल नाही. ओतीव लोखंडाचे काम करणारा कोणताही कारखाना हे घडवू शकेल. कोयत्याने ढलप्या काढताना डाव्या हाताचा अंगठा गमावण्याचा धोका ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता यांत्रिक यंत्र. यात मोटर किंवा पेट्रोल इंजिन दोन जड चाके फिरवत ठेवते. दांडा ओढला की दातेरी पट्टी चाकाच्या दातेरी चक्राला भिडते, चाकांत साठलेली सगळी गती एका झटक्यात पट्टीला मिळते आणि ती ओंडक्याला पाचरेवर ढकलते. स्प्रिंग पट्टीला परत ओढून आणते. जाणे आणि येणे मिळून दोन-तीन सेकंद. वेगात हिला तोड नाही.

पण साठा किती, ते पाहू. दोन चाके मिळून ६० किलोची, त्रिज्या २५ सेंटीमीटर, वेग मिनिटाला ३०० फेरे असे धरले तर त्यांत सुमारे ९०० ज्यूल ऊर्जा मावते. माणसाच्या जोरकस घावाच्या कितीतरी पट ही ऊर्जा झाली, आणि आंब्याचा किंवा ओल्या सुरूचा सरळ ओंडका तिने सहज फुटतो. पर्जन्यवृक्षाची गाठ समोर आली की मात्र हा साठा मध्येच संपतो. चाके थबकतात, पट्टी अडकते. ती मागे घ्यायची, चाकांना पुन्हा वेग येऊ द्यायचा, पुन्हा घाव. दोन-तीन घावांत काम होते किंवा होत नाही. वारंवार असे झाले तर दाते झिजतात, पट्टे घसरतात.

हायड्रॉलिक यंत्राची मुळे पास्कलच्या नियमात आहेत. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडले. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. लाकूड फोडण्याच्या यंत्रात पंप तेल सिलिंडरमध्ये लोटतो आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरेवर रेटतो. सिलिंडरचा व्यास १० सेंटीमीटर असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर होते. दर चौरस सेंटीमीटरला २०० किलोचा दाब दिला की जोर होतो साडेपंधरा टनांच्या पुढे. शिवाय हा जोर क्षणिक नसतो. पाचर गाठीपाशी थांबली तरी तो कायम राहतो, गाठ करकरत तुटेपर्यंत.

जाहिरातीतल्या टनांचे मर्म इथे उलगडते. टन म्हणजे जोर, शक्ती नव्हे. घरगुती वीजजोडणीवर चालणारी दोन अश्वशक्तीची, म्हणजे दीड किलोवॅटची मोटर घ्या. ५ टनांचा जोर लावताना ती दट्ट्याला सेकंदाला जेमतेम ३ सेंटीमीटर सरकवू शकते. १५ टनांचा जोर हवा असेल तर १ सेंटीमीटर. घर्षणात जाते ते वजा केले तर त्याहूनही कमी. म्हणजे तीच मोटर लावून कुणी ‘१५ टनी’ यंत्र विकत असेल तर तो खोटे बोलत नाही, पण ४० सेंटीमीटरचा एक ओंडका फोडायला पाऊण मिनिट लागेल हे सांगत नाही. यावर तोडगा दोन टप्प्यांच्या पंपाचा. ओंडक्याला भिडेपर्यंत आणि सरळ रेष फुटेपर्यंत पंपाचा मोठा भाग भरपूर तेल कमी दाबाने लोटतो. विरोध वाढला की तो भाग आपोआप मोकळा सुटतो आणि छोटा भाग थोडे तेल जबर दाबाने पाठवतो. विकत घेणाऱ्याने टन विचारण्याआधी पंप दोन टप्प्यांचा आहे का, मोटर किती अश्वशक्तीची आहे आणि जाऊन-येऊन किती सेकंद लागतात, हे तीन प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रकारही दिसतो, आणि त्याच्याविषयी गुळमुळीत बोलून चालणार नाही. शंकूच्या आकाराचा आटे पाडलेला स्क्रू मोटरवर फिरत असतो. ओंडका हाताने त्याच्या टोकाला लावायचा, स्क्रू आत शिरत जातो आणि लाकूड फाकते. स्वस्त, सुटसुटीत, ट्रॅक्टरलाही जोडता येणारा. पण हातमोजा, शर्टाची बाही, ओढणी, पदर यांपैकी काहीही त्या आट्यांत सापडले की माणूस आत ओढला जातो, आणि स्विचपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. ओंडका स्क्रूबरोबर गरगर फिरला तर तो पायावर आदळतो. युरोपात लाकूड फोडणाऱ्या यंत्रांच्या सुरक्षा मानकाचा, ईएन ६०९ चा, स्क्रूच्या यंत्रांसाठी वेगळा दुसरा भागच आहे. उघड्या शंकूचे यंत्र, विशेषतः जिथे साडी नेसून किंवा सैल कपड्यांत काम होते तिथे, कुणीही घेऊ नये.

सुरक्षेत हायड्रॉलिक यंत्र पुढे आहे, पण निर्धोक नाही. त्याचा दट्ट्या सावकाश येतो, दांडा सोडला की थांबतो. युरोपीय मानकाच्या पहिल्या भागाप्रमाणे दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय दट्ट्या पुढे सरकतच नाही. हात अडकायला मोकळा उरत नाही. आपल्याकडच्या स्वस्त यंत्रांत बहुधा एकच दांडा असतो. मग एक जण दांडा ओढतो, दुसरा ओंडका धरतो, आणि बोटे जातात ती याच जोडकामात. यंत्रावर एका वेळी एकाच माणसाने काम करायचे, हा नियम कागदावरच्या कोणत्याही सूचनेपेक्षा मोठा आहे. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही: रबरी नळीला सुईएवढे भोक पडले तर तिथून निघणारी तेलाची पिचकारी कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. गळती हात फिरवून शोधायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. चाकांच्या यंत्रात धोका वेगळा आहे: पट्टी इतक्या झपाट्याने येते की चूक लक्षात येईपर्यंत ती पोचलेली असते.

गोराईत या सगळ्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे खारा वारा. हायड्रॉलिक यंत्राचा जीव दट्ट्याच्या चकचकीत दांड्यात असतो. खाऱ्या हवेने त्यावर बारीक खड्डे पडले की ते सीलची रबरे चिरतात आणि तेल झिरपू लागते. पावसाळ्यातल्या दमटपणाने टाकीत पाणी उतरले तर तेल दुधाळ होते आणि पंप खराब होतो. यंत्र ठेवताना दट्ट्या पूर्ण आत घ्यावा, उघड्या दांड्याला ग्रीस लावावे, उन्हाळ्याच्या हवेला साजेसे ६८ ग्रेडचे तेल भरावे आणि पावसाआधी ते तपासावे. दुरुस्ती अवघड नाही; जेसीबीचे सिलिंडर उघडणाऱ्या कारागिराला हे सिलिंडर ओळखीचेच वाटते. चाकांच्या यंत्रात तेलाची कटकट नाही, पण गंज दातेरी पट्टीला धरतो आणि तुटलेले दाते आपल्या बाजारात तयार मिळत नाहीत, लेथवर घडवून घ्यावे लागतात. भारतात हायड्रॉलिकचे सुटे भाग कुठेही मिळतात, या एका कारणानेही पारडे तिकडे झुकते.

यंत्र आणायचे कसे, हाही प्रश्न आहेच. बोरिवलीकडून गोराईला लोक बोटीने येतात, सोबत दुचाकीही येते. पण दोन-अडीचशे किलोचे यंत्र टेंपोत घालून भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्यानेच आणावे लागते. त्यामुळे चाके असलेले, ओढून नेता येणारे यंत्र बरे. ते एका घराचे नसून एका पाड्याचे असेल तर आणखी बरे.

गरज कुणाला किती, हे पाहिले की उत्तर स्पष्ट होत जाते. पाश्चात्त्य देशांत या यंत्रांचा खप आहे तो हिवाळ्यामुळे. अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’ने मोजतात, एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांची रास, आणि लाकडावर घर ऊबदार ठेवणाऱ्या कुटुंबाला एका हिवाळ्यात अशा अनेक राशी लागतात. गोराईतल्या घराला वर्षाकाठी लागणारे लाकूड त्यापुढे किरकोळ आहे. एका घरासाठी मोटरचे यंत्र घेणे म्हणजे पैसे गंजत ठेवणे. जड कुऱ्हाड, दोन पाचरी, घण आणि बंबफोडीचे कडे, एवढे पुरे. लग्नाची जेवणे करणाऱ्यांना, वखारींना आणि वाड्या साफ करून लाकूड विकणाऱ्यांना यंत्र परवडते.

शहरातली एक मोठी मागणी मात्र आटत चालली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. अनेक बेकऱ्या तोवर भंगारातले फर्निचर आणि प्लायवूड जाळत होत्या. स्वस्त पडत असले तरी त्यातल्या डिंक-रंगांचा धूर आसपासच्या वस्तीच्या छातीत जात होता. त्या लाकडाला फोडायचे यंत्र लागत नव्हते, आणि खिळे असलेले लाकूड कोणत्याही यंत्रात घालूच नये.

स्मशानभूमींची गरज राहणार आहे, पण तीही बदलते आहे. पारंपरिक चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. महापालिकेने काही ठिकाणी बसवलेल्या बंदिस्त, ट्रॉलीच्या लाकडी भट्ट्यांत १०० ते १२५ किलो पुरते असे सांगितले जाते. कमी लाकडात पूर्ण दहन व्हायचे तर ते लाकूड सुके आणि नीट फाडलेले हवे. तिथे मजुरांनी रोज घणाने ओंडके फोडण्यापेक्षा दोन हातांच्या दांड्यांचे हायड्रॉलिक यंत्र बसवणे हे मजुरांच्या शरीरासाठी आणि धुरासाठीही हिताचे आहे.

धुराचा मुद्दा सगळ्यांनाच लागू आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते पाणी उडवण्यात आच खर्ची पडते, ज्वाला थंडावते आणि न जळलेला धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला की लाकूड स्वच्छ जळते. सालीसकट अख्खा ओंडका महिनोन् महिने आतून ओला राहतो. फोडलेल्या फाट्याचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तो भराभर वाळतो. म्हणून कोकण किनाऱ्यावर लाकूड फोडण्याची खरी वेळ दिवाळीनंतरची आहे. तेव्हा फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, वरून झाकून आणि बाजूने वारा मोकळा ठेवून सरपण ठेवले तर मेपर्यंत ते वाजू लागते. मे महिन्यात फोडायला घेतलेले लाकूड कितीही चांगल्या यंत्राने फोडले तरी पावसाळ्यात धूरच करणार.

तेव्हा निवाडा असा. घरासाठी हत्यारे. भरपूर, सरळ रेषेचे, एकाच जातीचे लाकूड रोज फोडायचे असेल आणि माणूस सराईत असेल तर चाकांचे यांत्रिक यंत्र वेगात बाजी मारते. मुंबई-कोकणात मिळते तसे सरमिसळ, गाठाळ, पिळलेले लाकूड असेल तर दोन टप्प्यांच्या पंपाचे हायड्रॉलिक यंत्र, ८ ते १५ टनांचे, किमान ३ अश्वशक्तीचे, दोन हातांच्या दांड्यांचे. शंकूचा स्क्रू नको. मच्छीमार संस्थांनी बर्फ आणि डिझेलची सोय एकत्र येऊन केली, तसे गावठाणातल्या चार-पाच घरांनी किंवा एखाद्या संस्थेने मिळून एक यंत्र घ्यावे. आणि पैसे मोजण्याआधी विक्रेत्यासमोर आपल्याच वाडीतला, वर्षभर वाळलेला, मधोमध गाठ असलेला सुरूचा ओंडका ठेवून तो फोडून दाखवायला सांगावे.